पाच स्टेशनांचं सहजीवन

परवा ऑफिसखालच्या टपरीवर चहा पिताना टीममधल्या एका पोरानं एकदम विचारलं, "दादा, लग्न ठरवायच्या आधी दोघांनी एकदा लांबच्या ट्रिपला जाऊन यावं म्हणतात. माणूस कळतो म्हणे. खरंय का?" पोरगं सव्वीस वर्षांचं, नुकतंच जमलेलं. त्यामुळे प्रश्न वरवर जनरल नॉलेजचा वाटला तरी आतली काळजी खरी होती. टपरीवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, हो, चार दिवस चोवीस तास बरोबर राहिलं की सगळं बाहेर येतं. दुसरी म्हणे, काही नाही रे, ट्रिपला सगळेच चांगले वागतात. मी हातातला कटिंग संपवला आणि मीटिंगची वेळ झाली म्हणून सटकलो.

खरं तर माझ्याकडे उत्तर होतं. फक्त ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आजचा शनिवार त्यावर खर्ची घालतोय.

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. जोडीनं केलेली भटकंती आणि जोडीनं घालवलेला रिकामा वेळ ह्यानं नातं घडतं, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ते वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या ट्रिपनं घडत नाही. ते रोजच्या, आठवड्याच्या, फुटकळ, कुणी फोटोही काढणार नाही अशा वेळानं घडतं. आणि दुसरं म्हणजे, तो वेळ नक्की कोणाच्या आवडीचा आहे हे दोघांनी एकमेकांना खरं खरं सांगितलेलं असावं लागतं. हे दुसरं कळायला मला लग्नानंतर तीन पावसाळे लागले.

पण सुरुवात आईबाबांपासून करतो.

त्यांचं लग्न झालं तेव्हा घर म्हणजे लालबागच्या चाळीतली एक खोली. त्यात आजी-आजोबा, काका, आत्या आणि हे दोघं. ज्यांनी राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. नव्या जोडप्याला घरात धड एकांत नाही, एवढ्या एका गोष्टीवर अख्खा सिनेमा उभा आहे. आणि ती गोष्ट मुंबईत इतकी घरोघरची होती की दोनच वर्षांत बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला. पुढे १९७७ साली आलेल्या 'घरोंदा'मध्ये तर घर घेण्याच्या धडपडीत प्रेमाचीच वाट लागते.

आईबाबांनी ह्यावर काढलेला उपाय म्हणजे दर रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्क. मैदानाला एक फेरी, कट्ट्यावर तासभर बसणं, असलीच ऐपत तर भेळ, की परत. मी एकदा आईला विचारलं होतं, "एवढं काय बोलायचात गं तिथे?" ती म्हणाली, "काही नाही रे. त्या आठवड्यात कोणाचं काय चुकलं ते. घरात कसं बोलणार?" रोमान्सची एवढी रुक्ष व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही, पण मला ती फार आवडते.

नव्वदच्या दशकात बाबांनी दिंडोशीला घर घेतलं. आमच्या इथे राहणाऱ्यांना हा इतिहास माहीत असतो, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कमाल जमीन धारणा कायदा १९७६ साली आला. त्यात अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्य माणसाच्या घरांसाठी मिळावी म्हणून मृणाल गोरे, बाबुराव सामंत, प. बा. सामंत ह्या मंडळींनी नागरी निवारा परिषदेमार्फत दीर्घ लढा दिला, आणि इथल्या टेकडीवर हजारो घरं उभी राहिली. चाळीतल्या एका खोलीतून निघालेल्या माणसाला स्वतःचा दरवाजा, स्वतःचं न्हाणीघर आणि 'बेडरूम' नावाची चीज मिळाली. ह्याचं मोल मी कमी लेखणार नाही.

पण बाबांचं ऑफिस फोर्टातच राहिलं. आधी लालबागहून बसनं सहज पोचणारा माणूस आता दिंडोशीहून बसनं गोरेगाव स्टेशन, तिथून चर्चगेट लोकल असं करू लागला. सव्वासातला बाहेर, रात्री साडेआठला घरात. शिवाजी पार्क बंद झालं. दुसरं काही सुरू झालं नाही. आई अजूनही म्हणते, "तिकडे खोली नव्हती, पण रविवार होता. इकडे खोली आली आणि रविवार झोपण्यात गेला."

हे वाक्य मी कित्येक वर्षं गंमत म्हणून मित्रांना सांगायचो. ते माझ्याबद्दलही आहे हे खूप नंतर कळलं.

तर आता माझ्याबद्दल.

आमचं जमलं ते ट्रेकमध्ये. बारा-पंधरा जणांचा ग्रुप होता. शनिवारी रात्री शेवटची कर्जत लोकल पकडायची, कोंदिवड्यापर्यंत टमटम आणि तिथून अंधारात राजमाची. लोहगड, पेब, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, सगळं ह्याच ग्रुपबरोबर. ती प्रत्येक ट्रेकला असायची. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आपल्याला आपल्यासारखीच डोंगरवेडी मुलगी मिळाली. लग्नात ग्रुपनं आम्हाला काय दिलं असेल? दोन सॅक आणि एक दोन माणसांचा तंबू :-)

लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात ती दोनदा आली. दुसऱ्यात एकदा. मग "तू जा, मी आहे घरी". मी गेलो. माझ्या मनात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला वाटायचं, ही लग्नानंतर बदलली. मित्रांनी विचारलं की मी हसून टाळायचो, पण आत राग होता. आपल्याला फसवल्यासारखं वाटायचं. आणि त्या रागापायी मी जरा जास्तच जायला लागलो. जून ते सप्टेंबर रविवार असतात किती? सतरा-अठरा. त्यातले दहा मी सह्याद्रीत. सोमवार ते शुक्रवार दोघंही रात्री नवाच्या आत घरी नाही, शनिवारी वाणसामान, लाँड्री, दोन बिल्डिंग सोडून राहणाऱ्या आईबाबांकडे चक्कर. म्हणजे एकमेकांसाठी उरलेला दिवस तोच, आणि तो मी डोंगरात घालवत होतो.

तिसऱ्या पावसाळ्यातल्या एका रविवारी रात्री मी परत आलो. गॅलरीत बूट काढत बसलो होतो. ती दारात उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मला ट्रेक कधीच आवडले नाहीत. तेव्हा घरी दुसरं काय सांगून रात्रभर बाहेर राहता आलं असतं मला? ग्रुप आहे, मुली पण आहेत, गड चढायचाय म्हटलं की बाबा हो म्हणायचे. मला तुझ्याशी बोलायचं असायचं. आता कोणाची परवानगी लागत नाही, तर तूच घरी नसतोस."

मी बराच वेळ चिखलाचे बूटच पुसत बसलो.

नंतर विचार केला तेव्हा जाणवलं की ती खोटं वागली नव्हती. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या कितीतरी मुलींसाठी ट्रेक हा एक पासपोर्ट असतो. शिवाजी महाराजांचा गड, त्यामुळे संस्कार शाबूत. ग्रुप, त्यामुळे बदनामी नाही. दमून परत येणार, त्यामुळे शंका नाही. ज्या शहरात दोघांना बसायला जागा नाही तिथे अशा युक्त्या निघणारच. आणि ज्यांनी युक्ती न करता सरळ खोली घेतली त्यांचं काय झालं ते आमच्या मालाडमध्येच घडलंय. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी टाकल्या आणि चाळीसेक जोडप्यांना उचलून ठाण्यात नेलं. सज्ञान माणसं, बंद दाराआड, आणि आरोप सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचा! तेव्हा बरीच ओरड झाली. पण धडा ज्यांनी घ्यायचा तो घेतलाच: बरोबर राहायचं तर काहीतरी भरभक्कम कारण पाहिजे. गड पाहिजे, नाहीतर ग्रुप पाहिजे.

ह्यातली मेख अशी की कारण म्हणून उचललेल्या गोष्टीला समोरचा माणूस आवड समजून बसतो. आणि पुढची सगळी वर्षं त्या गैरसमजावर प्लॅन करतो.

बरं, मी इंजिनियर. प्रॉब्लेम कळला की सोल्यूशन काढायची खाज. मी ठरवलं, एक झकास ट्रिप करू. डिसेंबरात केरळ. सहा दिवस. मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी. एक्सेल शीट बनवलं, त्यात तासवार टॅब, खर्चाचा टॅब, 'पाऊस पडल्यास' असाही एक टॅब. तुम्ही हसताय, पण मला त्या शीटचा अभिमान होता.

पहिल्या दिवशी मुन्नारला चहाच्या मळ्यासमोर तिला नुसतं बसायचं होतं. शीटमध्ये तिथे चाळीस मिनिटं होती. मी घड्याळ बघितलं, तिनं मला घड्याळ बघताना बघितलं. चौथ्या दिवशी मुन्नारहून थेक्कडीला जाताना गाडीत चार तास कोणी कोणाशी बोललं नाही. ड्रायव्हर बिचारा मधूनच आरशातून बघायचा आणि गाण्यांचा आवाज वाढवायचा. फोटो मात्र इतके सुंदर आलेत की नातेवाईक अजून म्हणतात, काय मस्त झाली ना तुमची ट्रिप!

चूक केरळची नव्हती, आणि खरं सांगायचं तर शीटचीही नव्हती. वर्षभर ज्यांचं एकमेकांशी धड बोलणं नाही अशा दोन माणसांनी सगळी थकबाकी सहा दिवसांत वसूल करायला घेतली तर दुसरं काय होणार? आणि ती वसुली चहा किती वाजता घ्यायचा असल्या मुद्द्यावरून होते, कारण मूळ मुद्दा काढायची हिंमत नसते. टपरीवरची पहिली पार्टी म्हणते त्यात तथ्य आहे, ट्रिपमध्ये माणूस कळतो. कोण बॅगा भरतं, कोण औषधं लक्षात ठेवतं, कोणाला भूक लागल्यावर राग येतो, हे सगळं कळतं. पण कळणं वेगळं आणि दुरुस्त होणं वेगळं. लॉगमध्ये एरर दिसला म्हणजे बग फिक्स झाला असं होत नाही.

नंतर ह्या विषयावर थोडं वाचलं. आर्थर अ‍ॅरन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ह्यावर बरंच काम केलंय. १९९३ च्या एका प्रयोगात त्यांनी विवाहित जोडप्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, काहीतरी बरोबर करायला लावलं. काही जोडप्यांना नुसतं 'छान' वाटेल असं, काहींना 'उत्साहाचं, नेहमीपेक्षा वेगळं' वाटेल असं. वेगळं करणाऱ्या जोडप्यांचं समाधान जास्त भरलं. २००० सालच्या प्रयोगात तर जोडप्यांचे हातपाय एकमेकांना पट्ट्यांनी बांधून त्यांना चटईवर रांगत एक फोमची गुंडाळी ढकलत न्यायला सांगितलं होतं. सातेक मिनिटांचा खेळ, पण त्यानंतर नात्याबद्दल विचारलं तर उत्तरं जास्त गोड आली.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे थ्रिल पाहिजे, चला पॅराग्लायडिंगला. थांबा. २००२ साली ड्वेन क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांचं म्हणणं असं की नवऱ्याला आवडणाऱ्या पण बायकोला न आवडणाऱ्या गोष्टी जेवढ्या जास्त होतात, तेवढी बायको असमाधानी होत जाते. आणि हे तो एकटा करत असला तरीही, ती बरोबर जात असली तरीही. हे वाचल्यावर मला आमची गॅलरी आणि ते बूट आठवले. 'आम्ही सगळं बरोबर करतो' हे वाक्य म्हणणारा नेहमी नीट तपासावा. बहुतेक वेळा ते म्हणणारा तोच असतो ज्याच्या आवडीचं चाललेलं असतं.

माझ्या अकलेप्रमाणे ह्याचा मथितार्थ एवढाच: वेळ थोडा असला तरी चालेल, पण तो नियमित हवा, दोघांनी निवडलेला हवा, आणि शक्यतो त्यात दोघंही नवखे असावेत. एक जण गुरू आणि दुसरा शिष्य झाला की मामला फसला.

आता मेट्रो.

लॉकडाऊनमध्ये आम्ही चोवीस तास एका छताखाली होतो, पण ती हॉलमध्ये आपल्या कॉलवर आणि मी बेडरूममध्ये माझ्या. ते संपलं, ऑफिसं परत सुरू झाली. आधीची पद्धत अशी होती: दोघं बरोबर घरातून निघायचो, बरोबर गोरेगाव स्टेशनपर्यंत जायचो, आणि प्लॅटफॉर्मवर ती लेडीज डब्याकडे, मी जेन्ट्सकडे. सकाळच्या गर्दीत दुसरा पर्याय नसतो. लोकलनं ह्या शहरातल्या लाखो नवरा-बायकोंना वर्षानुवर्षं एकाच गाडीतून वेगवेगळा प्रवास करायला लावलाय, ह्यावर कुणीतरी खरंच लिहायला हवं.

मेट्रो ७ चा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला, पण तो आरेपर्यंतच होता, आम्हाला उपयोग नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती गुंदवलीपर्यंत गेली आणि घाटकोपरच्या मेट्रोला जोडली गेली. तेव्हापासून दिंडोशीला चढतो: आरे, गोरेगाव पूर्व, जोगेश्वरी पूर्व, मोगरा, गुंदवली. पाच स्टेशनं. तिथून पूल ओलांडून घाटकोपरची गाडी, मी चकाल्याला उतरतो, ती पुढे जाते. एका डब्यात, शेजारी शेजारी उभं राहून. जेमतेम पंधरा-वीस मिनिटं.

सुरुवातीला दोघंही मोबाइलमध्येच होतो. मग एक दिवस तिच्या फोनची बॅटरी संपली होती, आणि बोलणं सुरू झालं. विशेष काही नाही. तिच्या मॅनेजरचं डोकं, माझ्या आईचा गुडघा, काल रात्री मी जे तोडून बोललो ते. थोडक्यात, ह्या आठवड्यात कोणाचं काय चुकलं ते! त्या दिवशी चकाल्याला उतरताना मला एकदम शिवाजी पार्कचा कट्टा आठवला. आईबाबांचा जो हरवला होता, तो आम्हाला स्टीलच्या खांबाला धरून उभ्या उभ्या सापडला.

महिन्यातल्या दोन रविवारी आम्ही उलट्या दिशेनं जातो. दिंडोशीहून सहा स्टेशनं वर, राष्ट्रीय उद्यान. गेटपासून सहा-सात किलोमीटरवर कान्हेरी. इतक्या वर्षांत मी तिकडे फक्त चढ किती आहे हे बघायला गेलो होतो. शंभराच्या वर लेणी, त्यातल्या पाण्याच्या टाक्या, भिंतींवरचे ब्राह्मी लेख. तिनं एकदा विचारलं, "हे काय लिहिलंय रे?" मी म्हटलं, माहीत नाही. लग्नानंतर एखाद्या दगडाबद्दल मी 'माहीत नाही' म्हणण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. मग दोघांनी मिळून ब्राह्मी अक्षरं शिकायला घेतली. 'क' अधिकच्या चिन्हासारखा असतो, पाय जरा लांबट. एका रविवारी तीन-चार अक्षरं ओळखता आली तरी आम्ही फुशारून परततो. ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते, हे नमूद करतो.

म्हणून मी डोंगर सोडले का? नाही. पावसाळ्यात तीन ट्रेक करतो, एकटा, ग्रुपबरोबर, आधी सांगून. ती तिच्या मैत्रिणीबरोबर बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात नाटकं बघते, कारण मी दुसऱ्या अंकात झोपतो हे तिला माहीत आहे. सगळं बरोबर केलं पाहिजे हा अट्टहास सोडल्यावर जे बरोबर करतो त्याची गोडी वाढली. भांडणं होतात. फक्त आता ती वर्षभर साठत नाहीत, आरे ते मोगरा ह्या दरम्यान निकालात निघतात. एखादं राहिलंच तर संध्याकाळची मेट्रो आहे.

तर टपरीवरच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जमत असेल, घरच्यांना पटत असेल, तर जा ट्रिपला जरूर. पण तिथून आलेल्या निकालावर फार विसंबू नकोस, ना पास झालास तर ना नापास झालास तर. त्याऐवजी दोन गोष्टी कर. एक, तिला एकदा सरळ विचार की मी बोलावतो तिथे तू येतेस ते तुला आवडतं म्हणून, की मला भेटायला मिळतं म्हणून? दोन्ही उत्तरं चांगलीच आहेत, पण ती वेगळी आहेत. आणि दोन, लग्नानंतर घर कुठे घ्यायचं हे ठरवताना कार्पेट एरियाबरोबर हेही मोज की तुमची दोघांची म्हणून रोजची किती मिनिटं उरतात. आमच्या आधीच्या पिढीला एक खोली कमी पडत होती. आपल्याला एक संध्याकाळ कमी पडतेय, आणि तिचा ईएमआय कुठलीच बँक देत नाही.

असो. बराच वेळ झाला. पाऊस थांबलाय, आणि आत कोणीतरी भाजी आणायची आठवण दुसऱ्यांदा केली आहे. ह्या वेळी दोघं जातोय.

ता.क. टाकण्याआधी हे सगळं बायकोला वाचायला दिलं. शेवटपर्यंत वाचून म्हणाली, "सगळं ठीक आहे, पण कळसूबाई मला आवडला होता." आता इतक्या वर्षांनी हे कळलं. काय बोलणार!